भोवतालचा नाद आणि डॉल्बीची भिंत

महाराष्ट्रात ‘डॉल्बी’ हे आता विशेषनाम राहिलेले नाही. कोल्हापूर-सांगलीपासून ठाणे जिल्ह्यापर्यंत कोणालाही विचारले, तर डॉल्बी म्हणजे ट्रॉलीवर रचलेली लाऊडस्पीकरांची भिंत, तिच्यामागे घरघरणारे जनरेटर आणि खिडक्यांची तावदाने थरथरविणारा दणका, असेच उत्तर मिळेल. पोलीस ठाण्यांच्या शांतता बैठकांत ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सवा’चे आवाहन होते. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने विसर्जन मिरवणुकीतील डीजे आणि डॉल्बीवरील बंदी उठविण्यास नकार दिला, तेव्हा वृत्तपत्रांच्या मथळ्यांतही हाच शब्द होता. ज्या रे डॉल्बी नावाच्या अभियंत्याच्या वाट्याला ही कीर्ती आली, त्याने १९६५ साली लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली ती ध्वनिमुद्रणाच्या फितीवर गाण्याच्या मागे जी बारीक खरखर सतत ऐकू येते, ती कमी करण्यासाठी. त्यापूर्वीची सुमारे दोन वर्षे हा गृहस्थ संयुक्त राष्ट्रांचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतातच होता. मिरवणुकीतल्या भिंतींशी त्याच्या कंपनीचा काडीइतकाही संबंध नाही. गोंगाट घटविण्यासाठी ज्याने आयुष्य वेचले, त्याचेच नाव गोंगाटाला पडावे, हा दैवदुर्विलास म्हणावा की आपल्या श्रवणसंस्कृतीचा दाखला म्हणावा, हे ज्याने त्याने ठरवावे.

हा शब्द आता दुसऱ्यांदा आपल्या दारात आला आहे. २०१२ पासून चित्रपटगृहांत आणि जून २०२१ मध्ये अ‍ॅपलने आपल्या संगीतसेवेत ग्राहकाकडून जादा आकार न घेता त्याचा समावेश केल्यापासून सामान्य श्रोत्याच्या मोबाईलवरही ‘अ‍ॅटमॉस’, ‘स्पेशियल ऑडिओ’, ‘इमर्सिव्ह ऑडिओ’ अशी नावे दिसू लागली आहेत. सोनीचीही अशीच एक पद्धत २०१९ पासून बाजारात आहे. जाहिरातींची भाषा नेहमीप्रमाणे आक्रस्ताळी असल्याने पुष्कळांचा समज असा, की हा अधिक मोठ्या आवाजाचा काहीतरी प्रकार असावा. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. अ‍ॅटमॉस पद्धतीने तयार केलेले गीत स्वीकारताना त्याची सरासरी ध्वनिपातळी ठरावीक मर्यादेच्या खाली असलीच पाहिजे, अशी अट असते. तंत्रज्ञांच्या मापात ही मर्यादा उणे १८ आहे, आणि बाजारातील बहुतेक लोकप्रिय गीते तिच्याहून पुष्कळ वरच्या पातळीवर दाबून बसविलेली असतात. म्हणजे या तंत्राची पहिली मागणी हळू बोलण्याची आहे. हळू आणि मोठा यांच्यामध्ये अंतर उरले, तरच सुरांना श्वास घ्यायला जागा मिळते.

तंत्राचे मर्म कळण्यासाठी यंत्राकडे पाहण्याआधी कानाकडे पाहावे लागेल. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानापर्यंत पोचायला उजव्या कानापेक्षा थोडा अधिक वेळ लागतो; हा फरक फार तर सेकंदाचा दीड हजारावा भाग. मेंदू मात्र याच्याही किती तरी पट सूक्ष्म, सेकंदाच्या लाखाव्या भागाइतका फरक ओळखू शकतो आणि त्यावरून दिशा ठरवितो. डोक्याची सावली पडून पलीकडच्या कानाला बारीक स्वर क्षीण ऐकू येतात, ही दुसरी खूण. समोर की मागे, वर की खाली, याचा निवाडा कानाच्या पाळीच्या वळ्या करतात. त्यांवर आपटून आत शिरणाऱ्या आवाजाचा रंग दिशेप्रमाणे बदलतो. डोळे मिटून बसलेल्या माणसाला पाल कोणत्या भिंतीवर चुकचुकली हे सांगता येते, ते या तिन्ही खुणांच्या बळावर. शिवाय खोलीच्या भिंती, छत, जमीन यांवरून परतलेले आवाज मूळ आवाजात मिसळतात आणि जागा केवढी, कशाची बांधलेली, भरलेली की रिकामी, हे न पाहता कळते. विजापूरच्या गोलघुमटात कुजबुज पलीकडच्या टोकाला कशी पोचते, याचा अभ्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शंभर वर्षांपूर्वी केला होता. जागा हेही एक वाद्यच असते, याची त्याहून ठळक साक्ष दुसरी नसेल.

ध्वनिमुद्रणाने आरंभापासून या वाद्याला बाहेर ठेवले. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा गाणाऱ्याला कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. खोली ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे मायक्रोफोन आला, परंतु आवाज एकाच छिद्रातून बाहेर पडत राहिला. १९३१ मध्ये इंग्लंडच्या अ‍ॅलन ब्लमलाईन याने दोन वाहिन्यांच्या, म्हणजे आज ज्याला स्टिरिओ म्हणतात त्या पद्धतीचे पेटंट मागितले. स्टिरिओ तबकड्या मात्र बाजारात यायला १९५८ उजाडले. दोन लाऊडस्पीकरांच्या मध्ये जेथे काहीच नाही, तेथे गायक उभा असल्याचा भास होतो, ही स्टिरिओची किमया. तिची मर्यादाही तीच, की सारे संगीत समोर, एका सरळ रेषेवर उभे राहते. १९७५ मध्ये ‘शोले’च्या वेळी सत्तर मिलिमीटरच्या चित्रपटगृहांत आवाज प्रेक्षकांच्या पाठीशी गेला, तेव्हा हवेत भिरकावलेले नाणे कोठे पडले हे पाहण्यासाठी लोक खुर्चीखाली वाकल्याच्या गोष्टी अद्याप सांगितल्या जातात. त्याच दशकात पाश्चात्त्य कंपन्यांनी चार वाहिन्यांचे संगीत घरोघर नेण्याचा उद्योग केला. परस्परांशी न जुळणाऱ्या तीन-चार पद्धती आणि चार कोपऱ्यांत चार लाऊडस्पीकर ठेवण्याची सक्ती, यांमुळे तो बुडाला. चाळीतल्या दहा-बारा फुटांच्या खोलीत तो प्रयोग कसा झाला असता, याची कल्पनाच केलेली बरी.

आजची पद्धत या अडचणीतून एका वेगळ्या वाटेने सुटली आहे. पूर्वी मिश्रण करणारा तंत्रज्ञ ‘हा आवाज डाव्या लाऊडस्पीकरातून, तो उजव्यातून’ अशी वाटणी करून ठेवी. आता तो प्रत्येक आवाजाबरोबर त्याचा पत्ता लिहितो: इतका डावीकडे, इतका मागे, इतका उंचावर, आणि या क्षणापासून त्या क्षणापर्यंत असा असा सरकत जाणारा. अशा १२८ पर्यंत ध्वनिरेषा एकत्र बांधता येतात. ऐकण्याच्या ठिकाणी जे काही उपलब्ध असेल, ते पाहून तेथील यंत्र हे पत्ते वाचते आणि त्या क्षणी वाटणी करते. स्टुडिओत कानाच्या उंचीवर सात, डोक्यावर चार आणि खर्जासाठी एक अशी बारा लाऊडस्पीकरांची रचना असेल. घरी साधे हेडफोन असतील. हेडफोनसाठी यंत्र वर सांगितलेल्या तीन खुणा, म्हणजे वेळेचा फरक, डोक्याची सावली आणि पाळीचा रंग, गणिताने तयार करते आणि दोन कानांना फसविते. फसवणूक दर वेळी साधते असे नाही. हे गणित बहुधा दुसऱ्याच कोणाच्या किंवा सरासरी कानाच्या मोजमापावर केलेले असते, आणि पाळीची घडण माणसागणिक निराळी. त्यामुळे एकाला पाठीमागे ऐकू येणारा तबला दुसऱ्याला डोक्याच्या आत वाजल्यासारखा वाटतो. ‘त्यात काही विशेष नाही’ म्हणून हेडफोन बाजूला ठेवणारा श्रोता अरसिकच असेल, असे मानण्याचे कारण नाही.

येथवर तंत्राची गोष्ट झाली. मराठी संगीताला तिचे काय, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर मुंबईच्या स्टुडिओपेक्षा भिवंडी तालुक्यातल्या अंजूरसारख्या गावात लवकर सापडेल.

अंजूरचे नाव इतिहासात आले ते गंगाजी नाईक अंजूरकरांमुळे. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांनी वसईची जी मोहीम जिंकली, तिच्या सिद्धतेत या घराण्याचा वाटा मोठा होता. त्या विजयाची आठवण म्हणून नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील, वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरील पोर्तुगीज घंटा दाखविल्या जातात. चर्चसाठी ओतलेल्या त्या घंटा नदीकाठच्या देवळांत आल्या आणि तितक्याच सहजतेने वाजू लागल्या, कारण घंटेचा नाद समोरून ऐकण्यासाठी नसतोच. तो गावावर पसरतो, पाण्यावरून परततो आणि ऐकणाऱ्याला आपण कोठे आहोत हे सांगतो. आजचे अंजूर नाईकांच्या वाड्यातील सिद्धिविनायकामुळे भाविकांना ठाऊक आहे. इतरांना अंजूरफाटा ठाऊक असतो, तो कंटेनरच्या रांगांमुळे. भिवंडीच्या अवतीभवती ऑनलाइन विक्रीच्या मालाची गोदामे उभी आहेत. मुंबई-ठाण्याच्या घरांत पोचणाऱ्या हेडफोनांच्या किती तरी पेट्या याच रस्त्यांवरून गेलेल्या असतात. एका बाजूला गोदामे, दुसऱ्या बाजूला यंत्रमागांचा खडखडाट. ज्या शेडमध्ये नव्वद डेसिबलच्या वरच्या आवाजात कामगारांच्या पाळ्या चालतात, तेथे दोन माणसे खुणांनी बोलतात. नादाच्या सूक्ष्मतेची चर्चा करण्यास याहून प्रतिकूल जागा शोधून सापडणार नाही, असे कोणी म्हणेल.

परंतु याच पट्ट्यातील आगरी घरांत लग्नाच्या मांडवात धवलारीण धवले गाते, तेव्हा ती कोणासमोर गात नसते. विधी मध्यभागी चाललेला असतो, बाया भोवती बसलेल्या असतात आणि धवल्याचा सूर एकीच्या तोंडून सुटून बाकीच्यांच्या तोंडून परततो. गौरीच्या फेरात बाया हात धरून रिंगण करतात. अर्ध्या रिंगणाने म्हणावे, उरलेल्या अर्ध्याने झेलावे. भोंडल्यात हत्तीचे चित्र मध्ये आणि मुली भोवती. कोकणातल्या जाखडीत गाणारे-वाजविणारे मध्ये बसतात आणि नाचणारे त्यांच्याभोवती फिरतात. पालघरच्या डोंगरपट्टीत तारपा वाजविणारा मध्ये आणि वारल्यांची साखळी त्याच्या सभोवार. दिंडीत टाळकऱ्यांच्या रांगा दोन्ही बाजूंना आणि वीणा-मृदंग मध्ये. त्या रांगांतून चालणाऱ्या वारकऱ्याला अभंग चहूबाजूंनी ऐकू येतो. मराठी मुलखातले बहुतेक लोकसंगीत असे रिंगणाचे आहे. गाणारा आणि ऐकणारा यांना समोरासमोर बसविणारी मांडणी पडद्याच्या रंगभूमीबरोबर आली आणि ग्रामोफोनने ती पक्की केली. म्हणून दिंडीची किंवा जाखडीची जी मुद्रणे आज उपलब्ध आहेत, ती कितीही स्वच्छ असली तरी ऐकताना काही तरी चुकल्यासारखे वाटते. रिंगण कापून त्याची सरळ पट्टी केलेली असते. गाणे आहे तेच राहते, पण ऐकणाऱ्याला रिंगणाबाहेर उभे केले जाते.

पाश्चात्त्य संगीतकारांना भोवतालचा नाद हा प्रयोग म्हणून शोधावा लागला. १९५८ साली ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात एडगार व्हारेझ याने शेकडो लाऊडस्पीकरांतून आपली रचना फिरविली, १९७० मध्ये ओसाकात स्टॉकहाउझेनसाठी गोलाकार प्रेक्षागृह बांधले गेले. आपल्याकडे ती गोष्ट गौरी-गणपतीत दर वर्षी अंगणात घडते. तिचे मुद्रण करण्यासाठी बारा लाऊडस्पीकरांचा स्टुडिओही लागत नाही. त्रिकोणी सुळक्याच्या चार बाजूंना चार लहान मायक्रोफोन बसवून एका बिंदूभोवतालचा सर्व ध्वनी टिपण्याची युक्ती इंग्लंडच्या मायकेल गर्झन आणि पीटर क्रेव्हन यांनी १९७० च्या दशकातच काढली होती. आज ती तळहातावर मावणाऱ्या यंत्रात मिळते. रिंगणाच्या मध्ये ते ठेवले, की नंतर ऐकणाऱ्याला हेडफोनवरून रिंगणाच्या मध्ये जाता येते.

अभिजात संगीताची गोष्ट थोडी अवघड आहे. ख्यालगायक दोन तानपुऱ्यांच्या पुढे बसतो. त्याच्या मागून, दोन्ही बाजूंनी येणाऱ्या षड्ज-पंचमाच्या घेरात तो बुडालेला असतो. श्रोत्याला ते तानपुरे समोर, गायकाच्या मागे, जवळजवळ अस्पष्ट ऐकू येतात. मिश्रण करणाऱ्याने श्रोत्याला कोठे बसवायचे? गायकाच्या जागी बसविले, तर तानपुऱ्यांचा घेर त्याला प्रथमच कळेल, आणि शिकणाऱ्याला त्याचा उपयोग मोठा. पण गायकाच्या तोंडून निघालेला सूर समोरून येण्यात जो संवाद आहे, तो नाहीसा होईल. श्रोत्याच्या जागी बसविले, तर या तंत्राने मिळवायचे ते एवढेच, की दिवाणखान्याची उंची, भिंतींवरून परतणारी आस, मागच्या रांगेतून निसटलेली दाद. हे ‘एवढेच’ थोडे नाही. मुंबईत राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राचे टाटा थिएटर १९८० साली उभे राहिले, तेव्हा फिलिप जॉन्सन या वास्तुशिल्पज्ञाने आणि सिरिल हॅरिस या ध्वनिशास्त्रज्ञाने हजारभर श्रोत्यांना भारतीय वाद्य लाऊडस्पीकराविना ऐकू यावे, हेच उद्दिष्ट ठेवले होते. छताच्या घडणीपासून सर्व काही त्यासाठी योजले गेले. तेथे बसून ऐकलेल्या सतारीचा आणि त्याच सतारीच्या तबकडीचा फरक ज्याने अनुभवला असेल, त्याला खोलीचे मोल निराळे सांगावे लागणार नाही. तबला डावीकडून उजवीकडे फिरविणे, बासरी डोक्यावरून नेणे, असल्या करामती मात्र ख्यालात अक्षम्य होत. आज या पद्धतीने जी गीते ऐकू येतात, त्यांपैकी पुष्कळांत तंत्रज्ञाला नवे खेळणे सापडल्याचा आनंदच अधिक दिसतो. चित्रपटगीतात तो खपून जातो, कारण चित्रपटगीताला मूळची खोली नसतेच.

याहून गंभीर धोका जुन्या मुद्रणांना आहे. एकाच वाहिनीत मिसळलेले आवाज वेगळे करणे आता संगणकाला जमू लागले आहे. २०२३ मध्ये बीटल्सचे एक गीत जॉन लेननचा जुन्या कॅसेटवरील आवाज असाच सोडवून काढून पुरे करण्यात आले. उद्या बालगंधर्वांचा आवाज ऑर्गनपासून सोडवून श्रोत्याच्या भोवती पसरविला जाईल आणि नव्या दराने विकलाही जाईल. ज्या मुद्रणाच्या वेळी भोवताल टिपलाच गेला नाही, त्याला नंतर जोडलेला भोवताल कल्पनेतला असतो. रंग भरलेल्या कृष्णधवल चित्रपटासारखाच हा प्रकार. त्याला बंदी घालावी असे कोणी म्हणणार नाही. तथापि मूळ मुद्रण त्याच ठिकाणी, तितक्याच सहज मिळाले पाहिजे आणि नव्यावर ‘संगणकाने रचलेले’ असे स्पष्ट लिहिले पाहिजे. पुढच्या पिढीचा विद्यार्थी बालगंधर्वांची गायकी शिकताना कोणत्या तरी तंत्रज्ञाची खोली शिकू लागला, तर ती चूक पुढे कोणी उकलणार नाही.

हेडफोनची एक उणीव येथेच नोंदवावयास हवी. बैठक, कीर्तन, दिंडी यांचे ऐकणे एकत्रितपणाचे होते. शेजारच्याच्या मानेची डोल हाही त्या ऐकण्याचा भाग. भोवतालचा नाद देणारे यंत्र त्या भोवतालातील माणसे मात्र काढून घेते. लोकलमध्ये शेजारी-शेजारी बसलेले चार प्रवासी चार वेगवेगळ्या सभागृहांत असतात. शिवाय कानाच्या आरोग्याचे हिशेब कोणत्याही पद्धतीत बदलत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालेल. पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९२ डेसिबलला अडीच तासच उरतात. यंत्रमागाच्या शेडमधून बाहेर पडून हेडफोन लावणाऱ्या तरुणाचा हा हिशेब कारखान्यातच संपलेला असतो.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. ती पाळली जाते की नाही, याची वार्षिक चर्चा दर भाद्रपदात होते आणि अनंत चतुर्दशीबरोबर विसर्जित होते. नियमाने दणका थांबविता येईल कदाचित. कान तयार होणार नाही. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला आहे. त्या निमित्ताने निधी, स्पर्धा, पारितोषिके यांच्या घोषणा झाल्या. त्यांतील एक लहानसा भाग गावोगावच्या फेराची गाणी, जाखडी, धवले, आरत्यांचे टाळ यांच्या भोवतालासह मुद्रणासाठी वेगळा काढणे अशक्य नाही. जिल्ह्यातील एखादे महाविद्यालय, त्यातले संगीताचे किंवा पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, चार उत्साही विद्यार्थी आणि एक छोटे यंत्र, एवढ्यावर काम सुरू होऊ शकते. पदार्थविज्ञानाच्या तासाला तीच मुद्रणे ऐकवून दोन कानांतला तो दीड हजारावा भाग शिकविता येईल. मराठीच्या तासाला त्यांतील शब्द उतरवून घेता येतील. मुद्रणे आकाशवाणीच्या किंवा विद्यापीठाच्या संग्रहात सर्वांना खुली राहावीत आणि गाणाऱ्या बायांची नावे त्यांच्या संमतीने त्यांवर लिहिली जावीत, एवढी अट पुरे.

हे काम सावकाश करण्याजोगे नाही. भिवंडीच्या शेतजमिनींवर गोदामे चढत आहेत, अंगणे कमी होत आहेत, लग्ने हॉलमध्ये लागत आहेत आणि हॉलमध्ये धवल्यांच्या वेळी बाहेरच्या बाजूला लाऊडस्पीकरांची भिंत आधीच उभी असते. पूर्ण विधीचे धवले पाठ असलेल्या धवलारणी आता वयस्कर आहेत, आणि त्यांच्या मागे बसून सूर झेलणाऱ्या बायांची संख्या दर लगीनसराईत घटते आहे.